पोटाची चिठ्ठी

कॉलेजच्या दवाखान्यात दोन खाटा, एक वजनकाटा आणि एक सिस्टर. एकोणीस वर्षांत डॉक्टर चार बदलले, गाद्या तीनदा बदलल्या, सिस्टर मात्र त्याच. मुलांचा त्यांच्यावर जीव होता आणि त्याचं कारण साधं होतं. सिस्टर फार विचारत नसत.

त्यांची एक रीत पडून गेली होती. काहीबाही घेऊन डुलत आलेला मुलगा असो की हसू आवरेनासं झालेली मुलगी, सिस्टर ताप बघत, नाडी बघत, साखरपाणी देत आणि रजिस्टरात व चिठ्ठीवर लिहीत, 'पोट बिघडले'. डोळ्यांत टॉर्च मारत नसत. डोळ्यांत पाहिलं की कळतं, आणि कळलं की लिहावं लागतं. लिहिलं की पोराचं वर्ष जातं, आईबाप दारात येऊन रडतात. त्यापेक्षा पोट बरं. मुलांनी त्या कागदाचं नावच 'पोटाची चिठ्ठी' ठेवलं होतं. प्राचार्यांनाही सगळं ठाऊक होतं. "वयच असं असतं हो," ते म्हणत, "आपण तरी त्या वयात कुठे धुतल्या तांदळासारखे होतो?"

त्या सकाळी साडेदहाला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दोन मैत्रिणींच्या खांद्यावरून आली. ओकून ओकून गळून गेलेली, डोळे मिटलेले.

"पोट बिघडलंय, सिस्टर," तिची खोलीतली मैत्रीण म्हणाली. तिचा चष्मा तोंडापेक्षा मोठा, म्हणून तिला सगळे चष्मीस म्हणत.

नाडी मंद होती, पण लागत होती. सिस्टरांच्या हाताला वळण पडलेलं, पेन आपोआप चाललं: उलट्या, पोट बिघडले, सलाइन द्यावे. मुलीला कॉलेजच्या गाडीतून इस्पितळात धाडलं. दुसरी मैत्रीण सोबत गेली. चष्मीस दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली. तिची चाचणी बुडाली होती. तिलाही चिठ्ठी हवी होती.

पाऊण तासाने ड्रायव्हरकाका परतले.

"सोडलं पोरीला. तिथे ही गर्दी! चिठ्ठी बघितली, म्हणाले पोटाचंच ना, लावा सलाइन, ठेवा कोपऱ्यात." ते जायला वळले आणि थांबले. "पण सिस्टर, पोरगी गाडीभर घोरत होती. अगदी आमच्या सासऱ्यांसारखी. पोटात कळा येत असलेलं माणूस इतकं निवांत घोरतं होय?"

सिस्टरांनी हातातला कापूस खाली ठेवला. प्रशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: शुद्ध हरपत चाललेलं माणूस झोपेने घोरत नाही, श्वास अडतो म्हणून घोरतं. पापणी वर करून पाहायला दोन सेकंद लागले असते. त्यांनी ती वर केली नव्हती.

त्यांनी फोन उचलला. नंबर फिरवतात तोच प्राचार्य आत आले. दोन दिवसांनी तपासणी समिती यायची होती, त्यासाठी त्यांना दवाखान्याचं रजिस्टर हवं होतं.

"कुणाला फोन?"

"इस्पितळात. मघाच्या मुलीची चिठ्ठी चुकलीये. पोट नाही, काहीतरी घेतलंय तिने."

प्राचार्यांनी दार लोटून घेतलं. "अहो, आता पोचली ना डॉक्टरांच्या हातात? ते बघतील. तुम्ही कशाला पायावर धोंडा मारून घेता? पोलीस येतील, वसतिगृहाची झडती होईल. तिचंच नुकसान."

"साहेब, ती घोरतेय," सिस्टर म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या. पलीकडे कुणीतरी तरुण डॉक्टरीण होती, आवाजावरून घाईतली.

"कॉलेजची मुलगी, कोपऱ्यातल्या खाटेवरची. तिचे श्वास मोजा आधी."

"चिठ्ठीत तर पोट–"

"चिठ्ठी खोटी आहे. मीच लिहिलीये. श्वास मोजा."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं गेली, धावत परतली. "मिनिटाला सहा. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी औषध सुरू करते, पण घेतलंय काय, किती, केव्हा? काही गोळ्यांचा अंमल पुन्हा चढतो. दहा मिनिटांत कळवा."

सिस्टरांनी दार उघडलं. "चष्मीस, आत ये. साहेब, तुम्ही बाहेर थांबा."

"मी?"

"तुमच्यासमोर ती बोलायची नाही."

प्राचार्यांना आजवर कुणी बाहेर काढलं नव्हतं. ते गेले, बहुधा नवलानेच.

चष्मीसने खाटेची कड धरली. "मला काय माहीत? पोटच–"

"पोट माझ्याकडे शिकलीस तू. आता खरं सांग."

"सिस्टर, तुम्ही तर कधी कुणाला सांगत नाही."

"आजवर नाही सांगितलं. हे मात्र सांगणार. डॉक्टरला, साहेबांना, तिच्या आईलाही."

"मग मी कशाला बोलू? दोघींना काढून टाकतील!"

सिस्टरांच्या जिभेवर वचन आलं होतं. काही होणार नाही बेटा, मी आहे ना. असल्या वचनांवरच तर हा दवाखाना चालला होता. त्यांनी ते गिळलं.

"काढतील कदाचित. तुला थापा नाही मारत. पण ती मिनिटाला सहा श्वास घेतेय. तू स्वतः तसे घेऊन बघ, दहा सेकंदांत एक."

चष्मीसने खरंच घड्याळाकडे बघत तसे श्वास घेतले. तिसऱ्या श्वासानंतर पुढचा घ्यायची वाट बघता बघता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तिने दप्तरातून कंपासपेटी काढली. कर्कटकाखाली अर्धी रिकामी गोळ्यांची पट्टी होती. कॅन्सरच्या रुग्णांना दुखणं सोसेनासं झालं की देतात त्या गोळ्या. "सकाळी आठला. चार. मी एकच घेणार होते, घेतली नाही. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा, त्याला आम्ही वैद्यबुवा म्हणतो, तोच देतो सगळ्यांना. तो म्हणाला, साधी झोपेची आहे."

सिस्टरांनी पट्टीवरचं नाव फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवलं. संख्या सांगितली, वेळ सांगितली. मग दोघी खाटेवर शेजारी शेजारी बसून राहिल्या. वीस मिनिटांनी फोन वाजला.

"चौदावर आले श्वास," डॉक्टरीण म्हणाली. "रात्रभर नजरेखाली ठेवणार. डोळे उघडल्या उघडल्या मला शिवी घातली तिने."

"कसली?"

"बाई, फोनवर सांगण्यासारखी नाही."

चष्मीस हसली आणि मग हुंदके देऊन रडायला लागली. सिस्टरांनी तिला रडू दिलं. त्यांनी रजिस्टर ओढलं, मुलीच्या नावापुढची ओळ खोडली, वर खरं लिहिलं, गोळ्या वैद्यबुवाने दिल्या हेही लिहिलं आणि सही केली.

प्राचार्य आत आले. लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं. "समितीपुढे हे ठेवायचं?"

"हे आणि बाकीचंही. या महिन्यात अकरा पोटं बिघडलीत, साहेब. त्यातलं एकही पोट नव्हतं. प्रत्येकाला मी आज बोलावणार, तपासणार, काय घेतात ते विचारणार आणि डॉक्टरांकडे पाठवणार. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण संध्याकाळनंतर."

"आणि त्या वैद्यबुवाचं?"

"तो तुमचा. त्याला तुम्ही गाठा, पट्टी घेऊन. त्याच्या वयाला तुम्ही फार जपलंत."

प्राचार्यांनी पट्टी उचलली, रुमालात गुंडाळली आणि ड्रायव्हरकाकांना हाक मारली, "तिसऱ्या वर्षाचा वर्ग कुठल्या मजल्यावर चालू आहे हो?"

सिस्टरांनी मुलीच्या आईचा नंबर शोधला. पलीकडून "कोण बोलतंय?" असं आलं, तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

"ताई, मी कॉलेजच्या दवाखान्यातून बोलतेय. मुलगी जिवंत आहे, हे आधी ऐका. आता बाकीचं सगळं सांगते. त्यात माझी चूकही आहे."