हँडलसकट

"शून्य! लिहून ठेव, आई. आज बेरेंडच्या टीमचा एक जरी पक माझ्यामागे गेला ना, तर नावाचा राजस नाही!"

"बरं, हे लिंबू चीर," म्हणत साधनाताईंनी ओट्यावरून लिंबू फेकलं. ते राजसच्या दोन्ही हातांना चकवून, दोन पायांमधून, थेट फ्रीजखाली गेलं.

"पक ताशी दीडशेने येतो म्हणे," बाबा पेपरामागून म्हणाले. "लिंबू जरा हळू होतं."

राजस फ्रीजखाली हात घालून लिंबू शोधू लागला. आज त्याला बाबांवर राग खर्च करायचा नव्हता. सगळा बेरेंडसाठी राखून ठेवला होता, गेले आठ महिने.

बेरेंड म्हणजे एनस्खेडे ऑटर्स या इथल्या आइस हॉकी टीमचा कोच. या ऑटर्सच्या जाळ्यासमोर राजस नऊ सीझन पक, म्हणजे ती रबरी चकती, अडवत उभा राहिला. दोन दात दिले, एक गुडघा दिला. आणि बेरेंडने त्याला काढलं. काढलं तर काढलं, पण वर स्थानिक पेपरवाल्याला सांगितलं, "राजसच्या दोन पायांमधून सायकल जाते. हँडलसकट."

ते वाक्य अख्ख्या गावात झालं. बेकरीवाल्याने ऐकवलं, डेंटिस्टने तोंडात आरसा घालून ऐकवलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तर कुणीतरी सायकलचा फोटो टाकला आणि खाली बावन्न लोक हसले. त्यातले बाबा एक.

राजसने त्या बातमीचं कात्रण मास्कच्या आत, बरोब्बर कपाळाला टेकेल असं चिकटवलं आणि आर्नहेम हेरन्समध्ये गेला. का? तर ऑटर्सचे कट्टर वैरी तेच. तिथे रोज रात्री ऑटर्सच्या एकेका खेळाडूचे व्हिडिओ बघितले. कोण कुठल्या खांद्याने फसवतो, सगळं पाठ. आणि आज मॅच होती, बेरेंडच्याच रिंकवर, संध्याकाळी पाचला. आईबाबा एनस्खेडेतच राहत असल्यामुळे तो जेवायला आला, वरणभात हाणला आणि तासभर आडवा झाला.

उठून बघतो तर हॉलमधली किट बॅग रिकामी!

देवघरासमोर पाट मांडलेला. त्यावर बाबांचं ड्रिल मशीन, आईचा मिक्सर, दोन लॅपटॉप, आणि मधोमध त्याचा मास्क, ग्लोव्ह्ज, स्टिक आणि ते उशीएवढे जाडजूड लेग पॅड्स. सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. पॅड्सच्या पट्ट्यांना लालपिवळी नाडाछडी, गाठीवर गाठ.

"आई! हे काय?"

"खंडेनवमी आहे. शस्त्रांची पूजा नको करायला?"

"अगं, मला निघायचंय!"

"आज शस्त्रं उचलायची नसतात. त्या बेरेंडला म्हणावं, दसऱ्यानंतर ठेव मॅच."

"आई, लीग आहे ती! हळदीकुंकू नाही!"

बरीच घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की किट न्यायचं, पण कुंकू पुसायचं नाही आणि नाडाछडी दसऱ्यापर्यंत कापायची नाही. राजस आधी कुरकुरला. मग त्याला वाटलं, अरे, एवीतेवी सूड घ्यायचाच आहे, तर देवालाही सोबत घेऊ. गोलकीपर मुळातच असला प्राणी. मॅचआधी डावा मोजा दोनदा घालणारा.

"कपाळालाही लाव," तो म्हणाला.

आईने टिळा लावला.

"काय हा कंजूषपणा? सढळ हाताने लाव ना!"

साधनाताईंनी अर्धा करंडा पाण्यात कालवला आणि सढळ हाताने लावला.

पहिल्या डावात राजस म्हणजे भिंत! चौदा शॉट आले, चौदाही अडले. दर वेळी तो बेंचकडे वळून ओरडे, "बेरेंड, सायकल कुठंय रे?" बेरेंड नुसतं च्युइंगगम चावे. राजसला इतकं गोड आठ महिन्यांत काही लागलं नव्हतं.

दुसऱ्या डावात घाम फुटला.

कपाळावरचं कुंकू आधी भुवईवर आलं, मग नाकावर, मग मास्कच्या जाळीतून टपटप बर्फावर. पांढऱ्या बर्फावर लालभडक थेंब. बायका किंचाळल्या. रेफ्रीने शिट्टी मारली. नियमच आहे, रक्त दिसलं की खेळाडू बाहेर, डॉक्टर हो म्हणेपर्यंत.

"रक्त नाहीये, रंग आहे!" राजस ओरडला. लाल तोंडाने ओरडल्यामुळे अजून दोघी किंचाळल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा चेहरा पुसला. जखम कुठेच नाही.

"म्हणजे मार डोक्याच्या आतला आहे," त्या म्हणाल्या. "कुठे आपटलास?"

"आपटलो नाही. आईने लावलंय हे."

बाईंनी पेन काढलं. "आईने. कधी?"

"दुपारी. मीच म्हटलं, अजून लाव."

"बरं. आज कोणता दिवस आहे?"

"खंडेनवमी!"

"हातात काय आहे तुझ्या?"

"शस्त्र. खरं तर आज उचलायचं नसतं."

बाईंनी अलगद त्याच्या हातातून स्टिक काढून घेतली आणि कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. राजसची मॅच तिथे संपली.

त्याच्या जागी गेर्बेन उतरला. वय एक्केचाळीस, सोमवार ते शुक्रवार विमा विकतो. त्याने एकही गोल होऊ दिला नाही. हेरन्स तीन, ऑटर्स शून्य. आणि मॅचनंतर बेरेंड गेर्बेनचा हात हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "आर्नहेमला शेवटी गोलकीपर मिळाला."

राजसच्या डोक्यात तिडीक गेली. स्केट्स कसेबसे उतरवून त्याने बूट चढवले. पॅड्स काही निघेनात. नाडाछडी भिजून फुगली होती, आणि कापणार नाही असा शब्द आईला दिला होता. तसाच, बदकासारखा फेंगडा चालत तो बाहेर आला. बेरेंडची सायकल त्याला ठाऊक होती, रिंकबाहेर उतारावर लावलेल्या सायकलींच्या रांगेत अगदी खालच्या टोकाला, हिरवी. दोन्ही चाकांची हवा सोडायची. मोठा सूड हुकला तर निदान छोटा तरी!

पण पॅड्समुळे गुडघा वाकेना. वाकायला गेला आणि ढुंगण शेजारच्या सायकलला लागलं. ती पुढचीवर पडली, पुढची तिच्या पुढचीवर, अशी अख्खी रांग उतारावर वरपर्यंत आडवी होत गेली. सगळ्यात वर बेरेंडच्या नातीची बिनपायडलची चिमुकली सायकल टेकवलेली होती. तिला धक्का बसला आणि ती एकटीच उतारावरून खाली निघाली, वेग घेत, सरळ राजसच्या रोखाने.

आवाज ऐकून बेरेंड दारात आला. मागोमाग पेपरवाला.

राजसने त्यांना बघितलं. मग सायकलकडे बघितलं. गुडघे जमतील तेवढे वाकवले, हात पसरले, नजर चाकावर ठेवली.

सायकल त्याच्या दोन पायांमधून गेली. हँडलसकट.