पिवळीचं गोकुळ

आमचे हे वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि पिंप्राळ्याच्या घरात माशांच्या पाच काचेच्या टाक्या आणून बसले. मासे बोटाच्या दोन पेरांएवढे, पण थाट जावयाचा. त्यांना आपल्या नळाचं जड पाणी चालत नाही, फिल्टरचं लागतं. वर त्यात बदामाची वाळलेली पानं टाकायची, म्हणजे पाणी कोऱ्या चहासारखं होतं. "घरच्या माणसांना चहा विचारत नाहीत आणि मासोळ्यांना काढा," असं मी रोज ऐकवायचे.

त्यातली एक मादी मला आवडायची, पण ते मी कबूल केलं नाही. अंडी घातली की ती हळदीसारखी पिवळी व्हायची, म्हणून मी तिला पिवळी म्हणायचे. टाकीत पालथ्या घातलेल्या करवंटीच्या आत, वरच्या बाजूला अंडी चिकटवायची आणि स्वतः दाराशी बसायचं. नर जवळ आला की टोचून हाकलायचं. शेवटी हे त्याला जाळीने उचलून दुसऱ्या टाकीत सोडायचे, नाहीतर तो मेलाच असता. "बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम?" मी म्हणायचे आणि सपना हसायची. सपना माझी सून, धुळ्याची. तेव्हा तिला सातवा लागला होता.

बाळाचं पहिलं झबलं जुन्या कापडाचं करतात, नवं टोचतं. पण ते शिवायचं बाळ आल्यावर, आधी नाही. माझी आई हे शंभरदा बजावून गेली होती. पण मला कुठला धीर? तिच्याच निळ्या लुगड्याचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा काढला आणि झबलं शिवून मोकळी झाले. सपनाने ते गालाला लावून पाहिलं. मग ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली.

नवव्या दिवशी माझ्या मुलाचा, युवराजचा, दवाखान्यातून फोन आला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. आम्ही दोघं मिळेल त्या बसने निघालो. पारोळा येतं न येतं तोच दुसरा फोन. "आई, बाळ गेलं." धुळ्याला पोचलो तेव्हा पुरुषमंडळी माती देऊन परतली होती. माझ्या नजरेला काही पडलंच नाही.

घरी आले आणि हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता ते झबलं काढलं. टाका न टाका उसवला आणि तुकडे चिंध्यांच्या बोचक्यात कोंबले. सून येईल तेव्हा तिला दिसायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मी आधी शिवलं म्हणूनच हे झालं, असं मला वाटत होतं. अजून वाटतं.

सव्वा महिन्याने सपना आली. पाणी भरलं, गॅस संपला, याच्यापलीकडे शब्द नाही. आम्ही तर ठरवूनच गप्प. शेजारच्या आक्काबाई चौकशीला आल्या तर मी त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं. चौथ्या दिवशी सपना म्हणाली, "रविवारी मी धुळ्याला जाते." परत कधी येणार ते सांगितलं नाही. पोरगी आता गेली की गेली, हे मला कळलं, पण थांब म्हणायला तोंड उघडेना.

त्या आठवड्यात पिवळीला पिल्लं झाली होती. चिमूटभर मोहरी सांडावी तशी तिच्या पोटाखालून फिरायची. ती अंगाला एक झटका द्यायची की सगळी तळाला चिकटून गप्प. शुक्रवारी यांनी नळी लावून सगळी पिल्लं दुसऱ्या टाकीत ओढून घेतली. वेगळी वाढवली की जास्त जगतात म्हणे. पिवळीला खायला म्हणून पाणपिसवा सोडल्या, खसखशीएवढे जिवंत किडे.

"आई, इकडे या."

सपनाने आपण होऊन मला हाक मारली, म्हणून मी कणकेच्या हातानेच धावले. ती टाकीपुढे बसली होती. पिवळी त्या पाणपिसवा खात नव्हती. त्यांच्या घोळक्याखाली उभी राहून अंगाला झटके देत होती. एखादी लांब गेली की तोंडात धरायची, परत आणायची आणि घोळक्यात थुंकायची. त्या किड्यांना काय कळणार! ते आपले उड्या मारत चारी दिशांना.

"खाणं आहे गं ते तिचं," मी म्हणाले.

"तिला नाही तसं वाटत," सपना म्हणाली.

तेवढ्यात हे आले आणि नीट दिसावं म्हणून ओल्या फडक्याने काच पुसायला लागले. फडकं निळं होतं. मी ओळखलं, आणि माझ्या आधी सपनाने ओळखलं. तिने त्यांचा हात धरला.

"नाना, हे झबल्याचं आहे."

ह्यांना काय माहीत? बोचक्यातून हाताला लागलं ते घेतलं होतं.

"मी उसवलं," मी म्हणाले. "मीच. आधी शिवायला नको होतं. ते माझ्यामुळे..."

"ते नका म्हणू!" ती ओरडली. "सव्वा महिना झाला, बठ्ठे, सगळे नुसतं ते, ते करतात. ते गेलं, ते झालं. ती होती. मुलगी होती."

ह्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. मग हळूच म्हणाले, "पिल्लं परत सोडू का हिच्याकडे?"

"सोडा," सपना म्हणाली.

मी बोचकं जमिनीवर उपसलं. बाकीचे तुकडे सापडले, एक बाही मिळाली नाही. फडकं धुतलं, पिळलं, इस्त्रीने सुकवलं. झबलं पुन्हा शिवायला कात्री हातात घेतली आणि मलाच प्रश्न पडला, केवढं कापू? पहिलं झबलं मी अंदाजाने, पूर्ण दिवस भरलेल्या बाळाचं शिवलं होतं.

"केवढी होती गं?" मी विचारलं. विचारल्यावर लक्षात आलं, हे तिला आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

सासरी नेहमी शुद्ध बोलणारी माझी सून दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "इतलीशी व्हती, आई."

तिच्या दोन तळव्यांच्या मध्ये मी वीत टाकली. दीड वीत भरली. माझं कापड कापून होईपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.