घोड्याच्या रक्ताचं औषध

तिळाचा लाडू तळहातावर होता आणि बोटं काही केल्या त्याच्याभोवती मिटत नव्हती… ओलं चामडं उन्हात आखडावं तशी मनकर्णाची कातडी दोन वर्षांत आवळत गेली होती. तोंड उघडायचं तर एक बोट जाईल एवढंच, आत सगळं सोललेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं होतं — रक्ताचा कॅन्सर गेला, बाई, भावाच्या हाडातला मगज तुमच्यात रुजला. पण त्याच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना तुमचं अंग परकं वाटतंय, त्या ते फाडताहेत. सगळ्या गोळ्या हरल्या. राहिलं एकच औषध, घोड्याच्या रक्तातून काढलेलं, त्या पेशींना हुडकून मारणारं. उद्या सकाळी चुडाव्याहून मुंबईची गाडी धरायची, आणि सोबत थोरला भाऊ बन्सीधर हवाच. तिला साधी पिशवी धरवत नव्हती.

बन्सीधर मात्र औषधाचं ऐकल्यापासून फुगून बसला होता. आपण दिलेलं मारायला निघाली म्हणे. गावात ज्यानं त्यानं तिला ऐकवावं, भावाच्या रक्तावर जगलीस, त्याचे पांग फेड — आणि ती मान हलवायची, हलवताना गळ्याची कातडी चिरायची, तरी हलवायची.

बाहेर रेडिओ ओरडत होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं… पारावर शिव्यांचा कल्लोळ उठला आणि तिच्या नाकात रॉकेल भरलं, पोरवयातलं. तेव्हाही हेच नाव द्यायचं ठरलं होतं, पलीकडच्या वस्तीत कोकिळाचं घर धडधडा पेटलेलं — कोकिळा, जिच्या शेजारच्या ओळीत ती कापूस वेचायची — आणि बन्सीधर परसात रॉकेलचे हात पुढे करून उभा, पाणी घाल म्हणत. तिनं घातलं होतं. एकाच शिवारातली कोकिळा याला परकी कशी वाटली? तेच रक्त आता माझ्या आत घरोघर हिंडतंय, काडी लावत… आणि मी मान हलवते!

बन्सीधर आत आला. कोपऱ्यातली काठी उचलली.

"पारावर माणसं जमायलीत. मी उद्या येत न्हाई."

"दादा, मी मरन."

"घोड्याचं रक्त चालतंय तुला, अन् माझं चालंना?" त्यानं तिच्या तळहातावरचा लाडू फोडला, तुकडा तिच्या तोंडात कोंबला. "घे. सणाचं गोड बोल."

त्याच्या बोटाला रॉकेलचा वास होता. आजचा, ताजा.

मऊ भाकरीवर न मिटणारा तिचा जबडा त्या बोटावर मिटला. हाड लागेपर्यंत मिटला. तो कळवळला, काठी पडली, मोकळ्या हातानं त्यानं तिच्या थोबाडीत मारली. गाल फाटला, तिनं सोडलं नाही. तीळ, गूळ, रक्त. कुणाचं, ते कळायला मार्ग नव्हता. तिचा रक्तगटही आता त्याचाच होता.

जन्मात तिनं कुणाला चापट मारली नव्हती. मग हा राग कुणाचा? त्याच्याच रक्तातून आलेला असला तर… गाडी तिला हवीच होती, रांगत गाठावी लागली तरी. पण ते औषध हा रागही मारून टाकील, ही भीती तिला आज पहिल्यांदा वाटली, आणि तिनं दात आणखी आवळले.