झेंडा काढलेला दांडा

हात लावू नका, पुरावा आहे मी. नुसतं ऐका. तुमच्याशी बोलतोय तो एक दांडा; साडेपाच फूट लांब, मनगटाएवढा जाड, तेल प्यालेला. एके काळी माझ्या डोक्यावर झेंडा होता. आता माझ्या गळ्यात सुतळी आहे आणि सुतळीला चिठ्ठी. चिठ्ठीवर गुन्ह्याचा नंबर, पंचांच्या सह्या आणि लाखेचा लाल ठिपका. पोलीस ठाण्यातल्या या खोलीत माझ्या शेजारी एक चेपलेली मोटारसायकल, दोन कुऱ्हाडी आणि मोहाच्या दारूचे डबे आहेत. संगत काही बरी नाही, पण मी तरी कुठला संत लागून गेलो!

जन्मानं मी वेळू. मुकुटबनच्या पलीकडच्या रानात आमचं बेट होतं. एका कोलाम आदिवासी म्हाताऱ्यानं मला तोडलं, पेरांवरच्या फांद्या छाटल्या, विस्तवावर शेकून आणि गुडघ्याखाली दाबून माझा बाक काढला. मग तेल पाजलं. मला वाटायचं, कुणाच्या तरी परसात वालाच्या मांडवाला लागेन, नाहीतर गुराख्याच्या खांद्यावर जाईन. आमच्या जातीची स्वप्नं लहानच असतात.

पांढरकवड्याच्या बाजारात म्हाताऱ्यानं आम्हा ऐंशी जणांचा ढीग मांडला. नगरपरिषदेची निवडणूक लागली होती. टी-शर्टच्या बाह्या वर सरकवलेला एक पोरगा आला. त्याचं नाव विक्की.

"झेंड्याले काड्या पायजे."

म्हाताऱ्यानं बारीक काड्या पुढे केल्या. विक्कीनं त्या बाजूला सारल्या, मला उचललं आणि हवेत गरकन फिरवून पाहिलं.

"झेंड्याले एवढी जाड कायले, बाप्पा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"यंदा वारा लय हाय," विक्की म्हणाला आणि स्वतःच हसला.

त्यानं आमच्यातले चाळीस नेले. तासाभरानं समोरच्या पार्टीची माणसं आली. त्यांनाही वारा लागत होता. उरलेले चाळीस त्यांनी उचलले. एकाच बेटात वाढलेले, एकाच विस्तवावर शेकलेले आम्ही, एका दुपारीत एकमेकांचे वैरी झालो.

विक्कीची आई मथुराबाई ही नगरसेविका. पन्नाशीची ठेंगणी बाई, आवाज मात्र टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत पोचणारा. आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी तिनं भांडून भांडून दिवसाआड आणलं होतं. मधली काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. नगरपरिषदेवर प्रशासक बसला. बाईच्या हातात ना सही ना शिक्का. तरी लोक सकाळी तिच्याच ओट्यावर येत आणि ती त्यांचे कागद घेऊन पायी कचेरी गाठी. ती खरोखर कामाची बाई होती. मी कुणाची उगाच तारीफ करत नाही.

आता प्रभाग नव्यानं पाडले आणि तिचा वॉर्ड राजकुमारच्या वॉर्डाला जोडला गेला. तोही मागच्या वेळचा नगरसेवक. जागा एक आणि जुने नगरसेवक दोन. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, तसंच झालं.

आम्हाला घरी आणलं तेव्हा बाईनं मला हातात तोलून पाहिलं.

"विक्क्या, हे झेंडे हायत का मुसळं?"

"आई, बारीक काडी वाकते."

"वाकू दे ना मंग. माह्या रॅलीत मार नाई पायजे, सांगून ठेवतो तुले."

एवढं बोलून ती भाकरी थापायला बसली. तिची चूक म्हणाल तर एवढीच. पोराच्या बाबतीत ती जरा आंधळी होती, आणि निवडणुकीत मागे चाळीस तगडी पोरं असली की कोणत्या उमेदवाराला बरं वाटत नाही?

रॅलीच्या सर्वांत पुढे झेंडा घेऊन चालण्याचा मान नानाजीचा. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलून म्हातारा झालेला माणूस, केसांना लालभडक मेंदी. बाईच्या पहिल्या निवडणुकीपासून तो तिच्यासोबत होता. "जयभीम मथुराबाई, चाला!" असं तो म्हटल्याशिवाय रॅलीचं पाऊल उचलत नसे. विक्की लहान असताना नानाजीनंच त्याला खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवले होते. धुळीनं त्याला खोकला येई, म्हणून तो पार्टीचा दुपट्टा नाकातोंडाला बांधून चाले.

प्रचाराचा शेवटचा दिवस उजाडला. भर दुपारी बाईची आणि राजकुमारची, दोन्ही रॅल्या चौकात समोरासमोर आल्या. इकडे डीजे, तिकडे डीजे. कुणी मागे सरेना. तिकडच्या एकानं मथुराबाईच्या फ्लेक्सवर चप्पल फेकली. चप्पल बाईच्या फोटोतल्या गालावर बसली. विक्कीनं शिट्टी मारली.

या कामाची आमच्याकडे एक रीत आहे. आधी झेंडा काढायचा, नीट घडी घालून खिशात ठेवायचा. झेंडा पायदळी आला तर त्याचा अपमान होतो. माणूस पायदळी आला तर चालतं. मग दुपट्टा उलटा करून तोंडाला गुंडाळायचा. हल्ली मारणारा पोलिसाला भीत नाही, मोबाइलला भितो. दोन मिनिटांत चौकातले सगळे सारखे झाले. तोंडं बांधलेली, दुपट्टे उलटे, आणि हातात एकाच बेटातले दांडे. कोण कुणाचा, हे ज्याचं त्याला तरी कळत होतं की नाही, देव जाणे.

मी विक्कीच्या मुठीत होतो. पहिला फटका एकाच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दुसरा एका पोराच्या जबड्यावर. त्याचे दात माझ्या पेराला लागून रस्त्यावर सांडले आणि तो ते उचलायला खाली वाकला, तर विक्कीनं त्याच्या पाठीत आणखी एक दिला. मला थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो. मधूनच चिरून गेलो असतो तरी चाललं असतं. पण म्हाताऱ्यानं मला फार चांगलं शेकलं होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी दोन्ही हात वर करून धावत आलं. तोंड बांधलेलं. डीजेच्या दणदणाटात तो काय ओरडत होता ते कळलं नाही. विक्की गर्रकन वळला आणि मी त्या माणसाच्या कानाच्या वर बसलो. पूर्ण ताकदीनं.

माणूस सरळ खाली कोसळला. दुपट्टा सुटला. नानाजी होता तो. मारामारी सोडवायला आला होता.

विक्कीनं त्याचा चेहरा पाहिला. मग मला घेऊन पळाला. घरच्या न्हाणीत, पाण्याच्या ड्रमामागे त्यानं मला कोंबलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडला.

दिवेलागणीला बाई घरी आली. नानाजीला त्याच्या पोरीसोबत, वैष्णवीसोबत, यवतमाळच्या गाडीत घालून आली होती. तिचं लुगडं रक्तानं भिजलं होतं. बाहेर ओट्यावर अतुल बोलत होता. अतुल म्हणजे तिचा निवडणुकीचा सगळा कारभार पाहणारा.

"काकू, अख्ख्या प्रभागात एकच गोष्ट सुरू हाय. नानाजीले राजकुमारच्या भावानं मारलं, ऋतिकनं. हातात दांडा घेऊन पाह्यलं त्याले लोकायनं. आता एकबी मत तिकडे जात नाई."

बाई हात धुवायला न्हाणीत आली आणि ड्रमामागे मी तिला दिसलो. तिनं मला ओढून बाहेर काढलं. माझ्या पेरापाशी रक्त वाळलं होतं आणि त्यात मेंदीचे दोन लाल केस अडकले होते.

"विक्क्या!" तिनं इतक्या हळू हाक मारली की मलाच भीती वाटली. "हे केस कोनाचे?"

विक्की दारात येऊन उभा राहिला. "आई, तोंड बांधलं व्हतं त्यानं. मांगून हात उचलून आला. मले वाटलं, राजकुमारचा मानूस हाय."

"राजकुमारचा मानूस असता तं चाललं असतं?"

बाईनं मला उगारलं. पहिला फटका त्याच्या पाठीवर, दुसरा पोटरीवर. पोरानं हात आडवा केला नाही. तिसऱ्यांदा मी वर गेलो आणि खाली आलोच नाही. बाई भिंतीला टेकली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

फोन वाजला. वैष्णवीचा होता. नानाजी यवतमाळच्या वाटेवर गाडीतच गेला होता.

अतुल आत आला. त्यानं मला पाहिलं, विक्कीला पाहिलं आणि काय ते ओळखलं. हुशार माणूस.

"काकू, आता तोंड उघडू नोका. गेला तो वापस येत नाई. पोरगं तरी राहू द्या. परवा मतदान हाय. सीट बी आपली, पोरगं बी आपलं."

एवढ्यात बाहेर गलका वाढला. नानाजी गेल्याची बातमी वस्तीत पोचली होती. शंभरेक माणसं ओट्यासमोर जमली. त्यांच्या हातात माझे उरलेले भाऊ होते आणि दोघांजवळ डिझेलच्या कॅन.

"बाई, ऋतिक आटाचक्कीत लपून बसला हाय! शटर आतून लावलंय त्यानं. तुम्ही फक्त हो म्हना. चक्कीसकट पेटवतो त्याले!"

मथुराबाईनं डोळे पुसले. एकदा पोराकडे पाहिलं. तेवढ्या वेळात तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते मी सांगू शकत नाही. मग ती मला घेऊन ओट्यावर आली.

तिच्या हातात दांडा पाहून लोक बेभान झाले. "मथुराबाई तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!"

"आटाचक्कीकडे कोनी जाचं नाई," बाई म्हणाली. घोषणा थांबल्या. "नानाजीले ऋतिकनं नाई मारलं. माह्या विक्कीनं मारलं. याच दांड्यानं. हे पाहा, केस हायत त्याचे."

"काकू, तुमच्या डोक्यावर परिणाम झाला काय?" कुणीतरी ओरडलं.

तिच्यामागून विक्की बाहेर आला. मान खाली घालून म्हणाला, "मीच मारलं. मले वळखू नाई आला काका."

मग जे झालं ते सांगायला मला लाज वाटते. जी माणसं ऋतिकला जाळायला निघाली होती, तीच विक्कीवर धावून आली. बाई त्याच्यावर पालथी पडली. जिनं त्यांना पाणी आणून दिलं होतं, तिच्या पाठीवर त्यांच्या लाथा बसत होत्या. एक दगड तिच्या भुवईवर लागला आणि डोळा रक्तानं भरला. तिनं मला मात्र सोडलं नाही. माझा टेकू घेऊन उठली, पोराचा दंड धरला आणि ठाण्याकडे चालू लागली. वाटेत आटाचक्की लागली. शटर बंद होतं आणि आतून कुणीतरी हुंदके देत होतं. बाई थांबली नाही.

ठाण्यात जमादारानं कागद ओढला.

"दांडा कोनं आनून देल्ला?"

"मी. पोराची माय."

"धंदा काय लिहू? नगरसेविका?"

बाईनं कपाळावरचं रक्त पदरानं टिपलं.

"घरकाम लिहा," ती म्हणाली.

निवडणूक थांबली नाही. मतदान यंत्रावर तिचं नाव तसंच होतं. राजकुमार मोठ्या फरकानं निवडून आला. त्याची मिरवणूक ठाण्यासमोरून गेली तेव्हा गुलालाचा लोट या खिडकीतून आत आला. ऋतिक पुढे नाचत होता. आपण कुणामुळे जिवंत आहोत हे त्याला माहीत असेल. पण तो तिच्या दारी गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. इथले शिपाईसुद्धा चहा पिताना म्हणतात, दोन दिवस गप्प बसली असती तर बाईनं काय गमावलं असतं? काय मिळवलं असतं, हे कुणी विचारत नाही.

मला म्हणाल, तर मला आता पुन्हा कुणाच्याही हातात जायचं नाही. खटला संपला की मला जाळतील असं ऐकतो. खुशाल जाळा. पण त्याआधी एक दिवस बाकी आहे आणि त्या दिवसाची मला धास्ती आहे.

कोर्टात दांड्याची साक्ष चालत नाही. मला नुसतं टेबलावर ठेवतील. मागच्या बाकावर वैष्णवी बसलेली असेल, पिंजऱ्यात विक्की उभा असेल. अतुलनं वकील दिला आहे, आणि वकिलानं बाईला समजावलं आहे की, लोकांपुढची कबुली मी खोडून काढतो, तेव्हा तुम्ही घाबरल्या होत्या, दांडा कुणाचा ते तुम्हाला ठाऊक नाही, एवढंच म्हणा, पोरगा सुटेल. बाईनं त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सरकारी वकील मला उचलून तिला विचारतील, "हा दांडा ओळखता का?"

ओट्यावर एकदा तिनं सांगितलं आहे, हाच तो दांडा. ते रागाच्या, रक्ताच्या भरात, शंभर माणसांना थोपवण्यासाठी. आता शांत खोलीत, पोराच्या डोळ्यात पाहत तिला तेच पुन्हा म्हणावं लागेल. ज्याला जन्म दिला त्याच्याविरुद्ध कोणत्याही बाईला दोनदा बोलावं लागू नये. खरं तर मारलं मी होतं. मला त्या टेबलावर वाचा फुटली, तर तिच्याआधी मीच बोलेन.