सरळ न विचारलेला प्रश्न

मुलीने वाटाण्याच्या शेंगांची टोपली बाजूला सारली, लॅपटॉप टेबलाच्या मधोमध ठेवला आणि घसा खाकरून वाचायला सुरुवात केली.

“सामाजिक धोरणाच्या क्षेत्रातील एक अग्रगण्य—”

“खोड,” शेंग सोलता सोलताच आई म्हणाली.

“पूर्ण ऐकून तरी घे.”

“अग्रगण्य म्हटलं की माझा पुतळा उभारताहेत असं वाटतं.”

नव्या सरकारी समितीने आईला बोलावलं होतं आणि प्रत्येक तज्ज्ञाचा थोडक्यात परिचय मागवला होता. लोकांच्या उंबऱ्यावर बसून ज्या बाईने अर्धं आयुष्य काढलं, तिला स्वतःबद्दल चार ओळी सुचत नव्हत्या. शिवाय काम दूरच्या शहरात, तेही वर्षभर. ‘मी नकार कळवते,’ असं परवा जेवताना तिने सांगूनच टाकलं होतं. पण परिचय झकास जमला की आई आपोआप जाईल, असा मुलीचा होरा होता. तिचे होरे हल्ली बरेच खरे ठरत होते, म्हणून ती जरा हवेत होती.

“बाकीच्या मंडळींच्या पदव्या ओळीत मावत नाहीत,” बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक. चहा किती टाकू, असं विचारलं तरी ‘बाकी परिस्थिती आहे तशीच राहील असं धरून’ एक कप म्हणणारे. “हिच्या फक्त चपला झिजल्या.”

“त्याच चपलांनी आणलेल्या आकड्यांवर तुमचे आलेख उभे राहिले,” आई म्हणाली.

“हे लिहू?” मुलीने विचारलं.

“लिही की.”

“नको. सुरुवात कशी झाली ते सांग.”

आईने दाणे चाळवले. “पहिलीच नोकरी. घरोघर जाऊन विचारायचं, पोटभर जेवायला मिळतं का? सगळे हो म्हणायचे. दारात आलेल्या परक्या माणसाला नाही कोण म्हणेल? मग एका घरी मी छापील प्रश्न सोडला आणि विचारलं, काल संध्याकाळी काय शिजवलंत? ती बाई सांगायला लागली आणि मध्येच थांबली. काही शिजलंच नव्हतं. तेव्हापासून बरं चाललंय का, असं मी कुणाला विचारत नाही. काल काय केलं, ते विचारते.”

कीबोर्डवरची मुलीची बोटं थबकली.

“आई, तुला समितीवर जायचंय?”

“नाही गं. सांगितलं ना.”

“बरं. काल ऑफिस सुटल्यावर कुठे गेली होतीस?”

आईच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली.

“बॅगांच्या दुकानात,” ती शेवटी म्हणाली. “सहज.”

“सहज काय पाहिलंस?”

“निळी होती एक, चाकांची. दुकानातल्या दुकानात ओढून बघितली.”

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

मुलगी खुर्चीत ताठ झाली. “म्हणजे जायचंय. मग अडलंय कुठे? मी राहीन की मजेत. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“मजेत राहशील का, असं मी विचारलंच नाही,” आई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. “मागे मी दौऱ्यावर गेले होते, तेव्हा रात्री खोलीतला दिवा कधी मालवायचीस?”

मुलीने बाबांकडे पाहिलं. बाबा रिकाम्या कपात बघत होते.

“नाही मालवायचे,” ती म्हणाली. “तू येईपर्यंत एकदाही नाही.” मग घाईघाईने, “पण झोप लागायची गं. खरंच लागायची.”

आईने सालं गोळा केली, टाकून आली, हात धुतले आणि ते पुसायला जरा जास्तच वेळ घेतला. मग पाठमोरीच म्हणाली,

“उद्या शाळेतून आलीस की त्या दुकानात जाऊ. येताना तुझ्यासाठी छोटा दिवा घेऊ. रात्रभर ठेवता येतो ना, तसला.”