तेराव्या कप्प्यातला आकडा

औषध सोडणाऱ्या पंपाने एका आजोबांना दुप्पट डोस दिला आणि ते गेले. चूक पंपाची की परिचारिकेची, एवढंच मला तपासायचं होतं. मी अहवाल दिला: बटण दोनदा दाबलं गेलंय. रुग्णालयाने तिला घरी बसवलं.

मी डीबगर चालवतो, म्हणजे यंत्राच्या आत काय चाललंय ते बाहेरून वाचणारा प्रोग्राम. प्रोसेसरमध्ये रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात. दूर बसलेल्या डीबगरला ते दिसत नाहीत. त्याच्याकडे येते ती आकड्यांची सलग माळ. कोणता कप्पा किती रुंद, कुणामागे कोण, हे एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. ती फाइल माझीच. या कामात माझा हात कुणी धरणार नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी तसाच पंप टेबलावर जोडला. बटणाला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं, आणि बटणाची नोंद ठेवणाऱ्या तेराव्या कप्प्यात आकडा होता ते दाबल्याचा. या नव्या प्रोसेसरचा चौथा कप्पा दुप्पट रुंद होता. मी जुनीच फाइल नाव बदलून वापरली होती. सदऱ्याचं एक काज चुकलं की खालची सगळी चुकतात, तसा पुढचा प्रत्येक आकडा भलत्याच कप्प्यातला निघाला.

रुंदी दुरुस्त केली. आजोबांच्या पंपाची जपून ठेवलेली माळ पुन्हा वाचली. दुसरा डोस पंपाने आपणहून दिला होता.

साहेब म्हणाले, "आधी वकिलांशी बोलू. घाई करू नकोस."

"घाई मागच्या महिन्यात केली, साहेब." नवा अहवाल मी त्यांच्यासमोरच रुग्णालयाला धाडला आणि त्या परिचारिकेचं घर गाठलं.

ती गणवेशाला इस्त्री करत होती. कामावर बोलावणं नव्हतं, तरी. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने आधी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"आठ दिवस मी सगळ्यांना सांगत होते, एकदाच दाबलं म्हणून," ती म्हणाली. "मग तुमचा कागद वाचला. मशीन कशाला खोटं बोलेल? मलाच आठवायला लागलं, दोनदा दाबलेलं."

मी नव्या अहवालाची प्रत तिच्यापुढे धरली.

"काल आजोबांच्या मुलीकडे जाऊन आले. पाया पडले तिच्या. म्हटलं, माझ्या हातून गेले तुमचे वडील." ती आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. "तिने मला माफ केलं हो. आता तिला काय सांगू?"