आंजूचा ड्यूक, मुक्काम तोआ पायोह

ज्या वर्षी वसुधाताईंच्या धाकट्या मुलाचं, नीलचं, बारसं झालं, त्याच वर्षी, म्हणजे २०१० साली, मी सिंगापूरला आलो. मित्रांनो, मी एक जुना शिशाचा ड्यूक आहे. बोटाएवढा उंच, अंगात निळा झगा, कमरेला तलवार.

फ्रान्समधल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला ओतलं आणि रंगवलं. माझ्याबरोबर त्याने एक राजाही घडवला. राजा थोरला भाऊ, मी धाकटा. वसुधाताईंची बहीण क्षिप्रा इथल्या विद्यापीठात फ्रान्सच्या इतिहासाचा अभ्यास करायची. तिने आम्हा दोघांना पॅरिसहून आणलं. वसुधाताईंच्या थोरल्याला, पाच वर्षांच्या अभयला राजा दिला आणि पाळण्यात नीलच्या उशाशी मला ठेवलं.

त्यांच्या तोआ पायोह भागातल्या फ्लॅटबाहेर दर दिवाळीत किल्ला व्हायचा. खोक्यांवर माती थापायची, वर अळीव पेरायचे. मावळे इथे मिळत नसत, म्हणून पहाऱ्याला आम्ही दोघं. राजा बुरुजावर, मी पायथ्याशी. सहा वर्षांचा झाल्यावर नील इथल्या पोरांच्या बोलीत भडकला.

"दादाच का नेहमी वर? नॉट फेअर लाह!"

"अरे, तिकडे गादी थोरल्याला मिळायची," क्षिप्रामावशी म्हणाली. "धाकट्याने रुसू नये म्हणून त्याला एक पदवी आणि एक प्रांत द्यायचे. हा आंजूचा ड्यूक."

"मग माझा प्रांत कुठला?"

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. "चपलांच्या कपाटापासून लिफ्टपर्यंत."

"इतकाच? नंतर कोण घेणार?"

"तुझा मुलगा. मुलगा नसेल तर पदवी, प्रांत, सगळं राजाकडे परत."

"म्हणजे माझ्याकडे!" अभय ओरडला. "परत दे हां, ड्यूक!"

पुढे तेच त्यांचं बोलणं झालं. नीलने शेवटची चकली पळवली की अभय म्हणणारच, "परत दे हां, ड्यूक!" नील मला खिशात घालून शाळेत न्यायचा. माझा निळा रंग त्याच्या बोटांनीच गेला.

तेराव्या वर्षी नीलला रक्ताचा कर्करोग झाला. अभयने त्याला आपला बोन मॅरो दिला. त्या दिवाळीत डॉक्टरांनी जंतुसंसर्ग नको म्हणून नीलला मातीला हात लावायला मनाई केली. किल्ला अभयने केला, नीलने दारातून पाहिला.

"नेक्स्ट इयर मी करणार. दादा, तू फक्त माती आणायची."

अभयने वर्ष उलटायच्या आत मातीची पिशवी आणून ठेवली. पण आजार उलटला, आणि आता उपाय नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

हॉस्पिटलमध्ये नीलने मला उशीखालून काढलं.

"दादा, मला मुलगा नाही ना. रूल इज रूल. घे."

अभयने हात मागे घेतला. "गंमत करायचो रे मी. तुझ्याकडेच ठेव."

"धर ना. हात दुखतोय."

अभयने मला घेतलं.

आता मी चपलांच्या कपाटावर असतो. शेजारी मातीची पिशवी आहे, न फोडलेली. अभय लिफ्टकडे जाताना आमच्याकडे बघत नाही. मावशी मला नव्याने रंगवणार होती. अभय नको म्हणाला. मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला पुसा, रंग द्या. मला देऊ नका. जिथला रंग उडालाय, तिथे त्याची बोटं होती.

नील १९ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी वारला. दिवाळी अजून यायची होती.